उणे वीसमधलं ॲव्हरेज

जानेवारी आला की मिनेसोटातल्या मराठी माणसांमध्ये दोन तट पडतात. पहिल्या तटाला थंडी सोसत नाही. दुसऱ्या तटाकडे हायब्रिड गाडी असते. त्यालाही थंडी सोसत नाही, पण त्याचं दुखणं अंगाचं नसून आकड्याचं असतं. मंडळाच्या संक्रांतीला तुम्ही त्याच्या हातावर तिळाची वडी ठेवून 'गोड बोला' म्हणता. तो वडी तोंडात टाकतो आणि पडेल आवाजात सांगतो, "चौतीसवर आलीय हो." नवख्या माणसाला वाटतं, घरात कुणाचं तरी वजन झपाट्याने उतरतंय. जाणकार मात्र मुकाट्याने खांद्यावर हात ठेवतात. गॅलनला पन्नास मैल देणारी प्रियस चौतीसवर आलेली असते. आपल्या हिशेबात लिटरला एकवीस किलोमीटरवरून साडेचौदावर.

एवढ्या घसरणीनंतर पुण्या-नाशकातला माणूस सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर जाऊन उभा राहिला असता. इथेही राहतो. तिथला मेकॅनिक गाडीला संगणक जोडतो, बराच वेळ पडद्याकडे टक लावून बघतो आणि सांगतो की गाडीला काहीही झालेलं नाही, जानेवारी झालाय. या निदानाचे पैसे वेगळे.

आमच्याकडे या दुसऱ्या तटाचे पुढारी म्हणजे प्रियसकाका. त्यांचं खरं नाव कधीच मागे पडलं. मंडळाच्या यादीतसुद्धा बहुधा हेच असावं. काका मूळचे निफाडचे. महाराष्ट्रात गारठा पडला की पेपरात निफाडचं नाव हमखास येतं, त्यामुळे थंडी हा विषय आपल्याला कुणी शिकवू नये, ही त्यांची पहिल्यापासूनची भूमिका. निफाडला पारा पाचावर आला की धाकटा भाऊ अजून फोन करतो, "दादा, द्राक्षबागेत शेकोट्या पेटवल्यात, घडांना सोसवेना." ३० जानेवारी २०१९ला मिनीआपोलिसचं तापमान उणे २८ फॅरनहाइटवर गेलं होतं, म्हणजे सेल्सिअसमध्ये उणे ३३. टपाल खात्याने त्या दिवशी या भागात पत्रंच वाटली नाहीत. काकांनी फोनवर हा आकडा मोठ्या अभिमानाने सांगितला. पलीकडे क्षणभर कुणी बोललं नाही. मग भाऊ म्हणाला, "फॅरनहाइट होय! मग ठीक आहे. आणि गाडी किती देते आता?"

या प्रश्नाला काका जुलैमध्ये उत्तर देतात आणि जानेवारीत विषय बदलतात.

तसा त्यांचा संसार जुना. प्रियस जपानमध्ये डिसेंबर १९९७ला रस्त्यावर आली आणि अमेरिकेत २०००मध्ये. काकांनी पहिली घेतली ती २००४चं मॉडेल. काचेवर चिकटवलेल्या कागदावर शहरात ६० मैल आणि हायवेवर ५१ असं छापलेलं होतं. शहरात जास्त आणि हायवेवर कमी, हा उलटा हिशेब पाहूनच ते गाडीच्या प्रेमात पडले. तो कागद त्यांनी पासपोर्टच्या फायलीत ठेवला होता. मग २००८च्या मॉडेलपासून ईपीएने, म्हणजे इथल्या पर्यावरण खात्याने, मायलेज मोजायची रीत बदलली. गाडी जोरात पळवून बघा, एसी लावून बघा, आणि उणे ७ अंशात गारठवूनही बघा, असं सगळं त्यात आलं. त्या रीतीने त्याच गाडीचे आकडे झाले ४८ आणि ४५. गाडी तीच, गॅरेज तेच, काकाही तेच. वॉशिंग्टनमध्ये कुणाला तरी हिवाळ्याची आठवण झाली आणि काकांचे शहरातले बारा मैल बसल्या जागी गेले.

आता थंडीत नेमकं बिनसतं कुठे? पेट्रोलचं इंजिन हे मुळात उष्णता तयार करणारं यंत्र आहे; गाडी पुढे जाते ती शिलकीवर. पेट्रोलमधली निम्म्याहून जास्त ऊर्जा रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून जगाला शेकत निघून जाते. साध्या गाडीत हिवाळ्यात इंजिनातून फिरून तापलेल्या पाण्याकडून, म्हणजे कूलंटकडून, वारा तापवून आत सोडतात. तोच हीटर. इंजिन एरवीही चालूच असतं, त्यामुळे ही ऊब जवळजवळ फुकट मिळते. हायब्रिडची सगळी कमाई मात्र इंजिन बंद ठेवण्यात आहे. सिग्नलला बंद, उतारावर बंद, गर्दीत सरपटताना बंद. जुलैमध्ये हे फार कौतुकाचं वाटतं. जानेवारीत इंजिन बंद म्हणजे कूलंट गार, कूलंट गार म्हणजे हीटर गार, आणि हीटर गार म्हणजे काकू गरम.

म्हणून गाडी सिग्नलला उभी राहते आणि निव्वळ आतल्या माणसांचे पाय शेकायला इंजिन चालवते. न्हाणीघराच्या कोपऱ्यातला तांब्याचा बंब ज्यांनी पेटवलाय, त्यांना हे लगेच कळेल. पाणी तापेपर्यंत थांबायचं, आणि तापलं रे तापलं की कुणीतरी बादलीभर काढून घेऊन वरून गार पाणी ओततं; पुन्हा ढलप्या घाला. जानेवारीतली हायब्रिड म्हणजे चाकं लावलेला बंब.

यातली खरी गंमत अशी, की इंजिन जितकं हुशार तितका हा प्रश्न बिकट. टोयोटाने प्रियसच्या चौथ्या पिढीत असं इंजिन बसवलं की पेट्रोलमधली ४० टक्क्यांपर्यंत ऊर्जा कामाला लागू शकते. पेट्रोल इंजिनाच्या मानाने हा मोठाच पराक्रम. इंजिनिअर खूश झाले, आणि मागच्या सीटवर बसलेल्या आजींच्या पायाशी येणारी उधळपट्टीची ऊब तेवढी कमी झाली. पूर्वीच्या गाड्या पेट्रोल उडवायच्या, पण पाहुण्यांना गार पडू देत नसत.

कंपनीला हे कळत नव्हतं असं नाही. काकांच्या पहिल्या प्रियसमध्ये चक्क थर्मास होता. थट्टा नाही, खरोखरचा. सुमारे तीन लिटर गरम कूलंट त्यात भरून राहायचं आणि तीन दिवसांपर्यंत ऊब धरायचं. सकाळी गाडी सुरू करताना ते इंजिनात सोडायचं, म्हणजे इंजिनाला पहिला घोट गरम मिळायचा. घरी आलेल्या प्रत्येकाला काका गॅरेजमध्ये नेऊन बंपरच्या दिशेने बोट दाखवायचे, "इथे आत थर्मास आहे." काकू दारातूनच म्हणायच्या, "आणि आमच्याकडे चहा न्यायला नाही." पुढे २०१०चं मॉडेल आलं तेव्हा थर्मास गेला आणि सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरातली उष्णता पकडून कूलंट तापवायची सोय आली. काकांनी तीही घेतली. पण थर्मासची सर त्याला नाही असं ते अजून म्हणतात. त्यांच्या मते पाहुण्यांना धूर दाखवता येत नाही.

इंजिनाइतकीच नाजूक बॅटरी. ती मॉडेलप्रमाणे मागच्या सीटच्या मागे किंवा खाली असते आणि तिला सुखावणारं हवामान थेट माणसाचंच आहे, फार गरम नको, फार गार नको. थंडीत तिच्यातली रसायनं सुस्तावतात. ब्रेक दाबल्यावर चाकांकडून परत येणारी वीज उन्हाळ्यात ती भराभर आत घेते. उणे वीसमध्ये मात्र थोडीच घेते आणि उरलेल्यासाठी ब्रेक झिजवावे लागतात. तिच्यासाठी सीटच्या कडेला हवा ओढायची एक छोटी जाळी आहे. काकू इंडियन ग्रोसरीतून आणलेली तांदळाची वीस पौंडी पिशवी नेमकी त्या जाळीला टेकवून ठेवतात. काका एक शब्द न बोलता उतरतात, मागचं दार उघडतात, पिशवी चार इंच सरकवतात आणि परत येऊन बसतात. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर काही भांडणं पिशवी सरकवूनच करायची असतात.

बाकीची कारणं किरकोळ, पण सगळी मिळून चांगली पंगत होते. इंजिनातलं तेल घट्ट होतं. हवा जड होते, ती कापायला जोर जास्त लागतो. हिवाळ्यात पंपावर मिळणारं पेट्रोलही वेगळं असतं; गारठ्यात चटकन पेटावं म्हणून त्यात ब्युटेन जास्त घालतात, आणि त्यापायी गॅलनमागे ऊर्जा एक-दोन टक्के कमी भरते, पैसे मात्र पूर्ण गॅलनचे. टायरमधली हवा दर दहा अंश फॅरनहाइटला साधारण एक पौंडाने उतरते, त्यामुळे पहिल्या कडक सकाळी अख्ख्या मिनेसोटाच्या डॅशबोर्डवर तो पिवळा दिवा एकदम लागतो. शिवाय बर्फाचे टायर. काकांचे उन्हाळी टायर कमी घर्षणाचे, खास मायलेजसाठी बनवलेले. ते काढून नोव्हेंबरात जाड खाचांचे चढवताना त्यांचा चेहरा पाहवत नाही.

इथल्या ऊर्जा खात्याने या सगळ्याची बेरीज करून ठेवलेली आहे. पंचवीस अंश सेल्सिअसच्या तुलनेत उणे ७ला साध्या पेट्रोल गाडीचं ॲव्हरेज १५ टक्क्यांच्या आसपास घसरतं. तीन-चार मैलांच्याच खेपा असतील तर २४ टक्क्यांपर्यंत. हायब्रिडचं मात्र ३० ते ३४ टक्के. आता उणे सात म्हणजे आमच्याकडे मार्चमधली प्रसन्न सकाळ. त्या दिवशी कॉलेजची पोरं अर्ध्या चड्डीत फिरताना दिसतात. उणे वीसला काय होतं ते खात्याने छापलेलं नाही. ते काकांच्या डायरीत आहे.

डायरी पेट्रोल भरताना भरली जाते. ताजी बातमी मात्र गाडीच्या पडद्यावर मिळते. त्यावर दर पाच मिनिटांना एक उभी पट्टी उमटते, त्या पाच मिनिटांत गाडीने किती दिलं त्याची. जुलैतल्या पट्ट्या उंच, एकीला एक लागून उभ्या. जानेवारीत पहिली पट्टी इतकी बुटकी येते की काका पडदा हातमोज्याने पुसून बघतात. एवढ्यानेही भागेना म्हणून त्यांनी स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला एक चिमुकलं यंत्र लावलंय, ते कूलंटचं तापमान दाखवतं. पुढचा सिग्नल हिरवा व्हायच्या आत कूलंट पुरेसं तापलं, तर इंजिन क्षणभर बंद होतं आणि गाडीत शांतता पसरते. "झालं बघ बंद!" काका कुजबुजतात, मोठ्याने बोललं तर पुन्हा सुरू होईल अशा बेताने. नेमक्या त्याच क्षणी काकू पंखा दोनवरून चारवर नेतात, आणि इंजिन सुरू होतं.

हीटरवरून या घरात जे चालतं ते ऐकायचं असेल तर मागच्या सीटवर बसावं लागतं. मी बसलोय.

"अगं, सीट गरम होतेय ना? मग हवा कशाला तापवायची?"

"सीटवर पाठ असते. नाक कुठे ठेवू?"

"शाल घे नाकावरून."

"अहो, वीस हजार डॉलरची गाडी घेतली ती शाल पांघरून बसायला?"

शास्त्राच्या बाजूने बघाल तर काका बरोबर आहेत. डबाभर हवा तापवण्यापेक्षा माणसाची बैठक तापवायला फार कमी ऊर्जा लागते. विजेवर चालणाऱ्या गाड्यांना हा सल्ला ऊर्जा खातंही देतं. पण शास्त्राला नाक नसतं. शिवाय दोघं बोलत असतात, आणि बोलताना वाफ निघते. ती आतून काचेवर बसते. समोरचं दिसेना झालं की काकू डिफ्रॉस्टचं बटण दाबतात. आणि शून्याच्या आसपासचा दिवस असेल तर हवेतला दमटपणा काढायला त्या बटणासरशी एसी सुरू होतो. बाहेर बर्फ, आत हीटर, जोडीला एसी. हे काकांना कळलं तो दिवस त्यांच्या आयुष्यातला फार वाईट दिवस होता. तेव्हापासून नोव्हेंबरात ते गाडीत शक्यतो बोलत नाहीत. काकूंचं म्हणणं असं, की गाडीने इतक्या वर्षांत दिलेलं हे सगळ्यात चांगलं ॲव्हरेज.

गॅरेजमधले उपाय आणखी निराळे. नळाला थंडीत फुटू नये म्हणून गुंडाळतात ना, त्या काळ्या फोमच्या पोकळ नळ्या काका हार्डवेअरच्या दुकानातून आणतात, उभ्या चिरतात आणि गुडघ्यावर बसून समोरच्या जाळीच्या फटींमध्ये एकेक दाबून बसवतात. बाहेरचा बोचरा वारा इंजिनावर येऊ नये, ते लवकर तापावं आणि तापलेलं राहावं, एवढाच हेतू. हे खरोखर उपयोगी पडतं. फक्त वसंत ऋतूत नळ्या काढायची आठवण ठेवावी लागते, नाहीतर इंजिनाची भट्टी व्हायची. काकांच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर गुढीपाडव्याच्या चौकोनात 'गुढी, श्रीखंड, नळ्या' असं लिहिलेलं असतं.

त्याशिवाय ब्लॉक हीटर. इंजिनाला चिकटवलेला चारशे वॅटचा छोटा विजेचा हीटर. निघण्याआधी दोन-तीन तास लावला की इंजिन निदान पूर्ण गोठलेल्या अवस्थेतून सुरू होत नाही. त्याची वायर समोरच्या जाळीतून बाहेर लोंबते. शेजारच्या पिकअपवाल्याने ती पाहिली आणि मोठ्या आदराने विचारलं, "म्हणजे ही विजेवर चालते?" काका म्हणाले, "नाही, ही विजेवर तापते." शेजाऱ्याने मान डोलावली आणि खिशातलं रिमोट दाबलं. त्याचा पिकअप अंगणात वीस मिनिटं घुरघुरत उभा राहिला, आत एकही माणूस नसताना. असं उभ्या उभ्या इंजिन चालवण्यात शून्य मैल मिळतात. बहुतेक कंपन्या तर अर्ध्या मिनिटात हळूहळू निघा, चालता चालता इंजिन जास्त लवकर तापतं, असंच सांगतात. काकांनी त्याला हे समजावायचा प्रयत्न केला. त्याने विचारलं, "किती फरक पडतो?" काकांनी उलट विचारलं, "तुमची गाडी किती देते?" शेजारी बराच वेळ विचार करून म्हणाला, "काय की. कधी बघितलं नाही."

त्या रात्री काकांना झोप लागली नाही.

रविवारची फेरी मात्र बघण्यासारखी. मुलांची मराठी शाळा घरापासून दोन मैलांवर, इंडियन ग्रोसरी तीन मैलांवर आणि मेपल ग्रोव्हचं हिंदू मंदिर सगळ्यात लांब. पूर्वी आधी शाळा, मग किराणा, मग देव अशी रीत होती. तुकड्यातुकड्याने जायचं म्हणजे दर थांब्याला इंजिन गार आणि दर वेळी बंब पहिल्यापासून पेटवायचा. काकांनी क्रम फिरवला. सकाळी आधी नातवंडांसकट थेट मंदिर, म्हणजे लांबच्या रस्त्यावर इंजिन नीट तापतं, मग त्याच उबेवर शाळा आणि किराणा. शाळेतल्या बाई नातवंडांच्या कपाळावरचा गंधाचा टिळा पाहून संस्कारांचं कौतुक करतात. काकूंनाही सुरुवातीला फार बरं वाटलं, उतारवयात का होईना, ह्यांना देव आधी सुचायला लागला. कूलंटचं कारण त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही, आणि हा लेख त्यांच्यापर्यंत पोचणार नाही अशी मला आशा आहे.

माझ्या मते यात सगळ्यात मोठा दोष त्या पडद्याचा आहे. थंडीत गाडी जास्त पिते, हे काही हायब्रिडपासून सुरू झालेलं नाही. आमच्या वडिलांची ॲम्बॅसिडर डिसेंबरात किती प्यायची, ते तिलाही माहीत नव्हतं आणि वडिलांनाही. आकडा डोळ्यांसमोर नव्हता, म्हणून झोप शाबूत होती. वर टक्केवारीचा घोळ. चौतीस टक्के म्हटलं की काळजात चर्र होतं. पण ते कशाचे चौतीस टक्के?

एकदा कागदावर मांडून बघा. साधी गाडी लिटरला १० किलोमीटर देते, हायब्रिड २० देते असं धरू. शंभर किलोमीटरला पहिलीला १० लिटर लागतात, दुसरीला ५. आता उणे सातातल्या छोट्या खेपा घ्या. साधीचं ॲव्हरेज २४ टक्क्यांनी पडून ७.६ झालं, म्हणजे शंभर किलोमीटरला १३.२ लिटर. हायब्रिडचं ३४ टक्क्यांनी पडून १३.२ झालं, म्हणजे शंभर किलोमीटरला ७.६ लिटर. थंडीपायी साधीने सव्वातीन लिटरच्या आसपास जास्त प्यायलं, हायब्रिडने अडीचच्या जरा वर. म्हणजे टक्केवारीत जिची अब्रू गेली, तिनेच पेट्रोल कमी जाळलं. हा हिशेब मी काकांना करून दाखवला. त्यांनी तो दोनदा तपासला, खिशात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या दारावरची बेल वाजवली.

तेव्हा थंड मुलखात राहणाऱ्यांनी हायब्रिड बेलाशक घ्यावी; फक्त रोजचं येणं-जाणं तीन मैलांचं असेल तर कागदावरच्या आकड्यावर जीव लावू नये, आणि सीट गरम होणारं मॉडेल घ्यावं. जी गाडी दारात आहे तिच्या टायरमधली हवा मात्र आजच तपासा. दसऱ्याला हार घातल्यापासून तिच्या चाकांकडे तुम्ही बघितलेलं नाही.